वीस अंशाला

सातपूरला, पपया नर्सरीच्या मागच्या अंगाला,
आमच्या लॅबमध्ये काल टेम्पोनं एक बाटली आली.
नाव नाही, नुसता कोड : के-चौदा.
सोबत कागद : बाष्पदाब हवा,
वीस आणि पंचवीस अंशाला. निकड आहे.

निकड बाटलीला नसते.
तिच्यातलं थोडं फ्लास्कमध्ये घ्यायचं,
द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं,
पंपानं वरची हवा ओढून घ्यायची,
कॉक बंद करायचा आणि वितळू द्यायचं.
वितळताना बुडबुडे सुटतात.
ती हवा त्याची नसते,
येता-जाता अंगाला लागलेली.
पुन्हा गोठवायचं. पुन्हा ओढायचं.
तिसऱ्या खेपेला बुडबुडा येत नाही.
आता त्याच्या डोक्यावर जे काही असेल
ते त्याचं स्वतःचं.

मग फ्लास्क पाण्याच्या टाकीत, बरोबर वीस अंशाला,
आणि मी स्टुलावर.

स्टोअरचे खैरनार डोकावतात.
'धात्रक मॅडम, पाण्याकडे काय बघत बसलात?'
मी सांगते, काही रेणू उठून जातात,
काही परत येतात.
जाणारे आणि येणारे सारखे झाले
की वरचे भिंतीला किती रेटतात, ते मोजायचं.
'म्हणजे आपलं सीबीएस,' ते म्हणतात.
'चढणारे तेवढेच उतरणारे. गर्दी तेवढीच.'
इतकं सोपं मला कॉलेजात
कुणी सांगितलं नव्हतं.

खैरनार पूर्वी बूच उघडलं की नाव सांगायचे.
झायलीन, टोल्युइन, असिटोन,
सोयरीक असल्यासारखी.
एकवीस वर्षं अंबडच्या गोडाऊनमध्ये काढली.
आता घरी दूध करपलं
तरी शेजारीण येऊन सांगते.
आणि तरी म्हणतात,
'वास येत नाही ना, मग माल निर्धोक.'

पारा सरकला.
सव्वादोन मिलीमीटर, त्याहून केसभर जास्त.
तीनशे दहा पास्कल.
पंचवीसला चारशे एकतीस.
दोन्ही आकडे रकाना सातमध्ये बसतात
आणि शहाण्या मुलांसारखे गप्प राहतात.

बाहेर जानेवारी.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
माझ्या बोटांची पेरं आखडलीत.
आणि मला मात्र आठवतं ते अंबडचं पत्र्याचं छप्पर,
मे महिना, दुपारचे तीन,
कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला थर्मामीटर,
त्यातली लाल रेघ पंचेचाळीसवर.
त्या गोडाऊनमध्ये भर दुपारी
वीस अंश कुणी पाहिलेत?

सोनवणे सरांना विचारलं.
'पार्टीनं दोनच मागितलेत,' ते म्हणाले,
चूक नव्हतं त्यांचं. बिलही दोनाचंच होतं.

साडेसहाला सगळे गेले.
मी टाकीचं बटण फिरवलं.
पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस.
पारा सव्वादोनावरून अकराला आला, सावकाश,
माडीचा जिना चढावा तसा.
चौदाशे सत्तावन्न पास्कल.
पावणेपाचपट.
आलेखावर पाचही ठिपके एका रेषेत उतरले,
पट्टी ठेवली तर एकही हलला नाही.
बाटली तीच. बूच तेच.
रेषा फक्त मे महिन्याकडे जात होती.

अहवालात तळाला एक टीप टाकली.
सकाळी अहवाल छापून गेला
तेव्हा टीप नव्हती.

मग एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं :
के-चौदा. उन्हाळ्यात पावणेपाचपट. वास न येता.
तेवढ्यावर थांबले. मग खाली लिहिलं :
म्हणजे तुम्हाला न येता.

खैरनारांनी चिठ्ठी घेतली,
सवयीनं नाकाशी नेली,
मग हसले, आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

गुरुवारी सॅम्पल आणायला अंबडला गेले.
गोडाऊनचं शटर
कडाक्याच्या थंडीतही वीतभर वर होतं,
खाली दोन विटा लावलेल्या.
वॉचमन कुरकुरत होता, मांजरं शिरतात म्हणून.