खरं

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला होता खरं आला नाही.
पुण्याचे पाहुणे हसतात,
यातलं खरं कुठलं, विचारतात.
चौतीस वर्षं मी लेबर कोर्टात उभा राहिलो,
मालकांच्या बाजूनं,
आणि मला हा प्रश्न एकदाच पडला.

उद्यमबागेत माझे बावीस अशील.
भट्ट्या, लेथ, हायड्रॉलिकचे पंप.
सगळ्यांना एकच सांगायचो:
ओरडू नका. लिहा.
तारीख घाला, पोच घ्या,
'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेलं पाकीट
फोडू नका, सोन्यासारखं जपा.
मी कुणालाही कामावरून काढलेलं नाही.
काढलं ते रीतसर होतं,
एवढंच दाखवत आलो.

आणि सगळे मालक काही राक्षस नव्हते.
गुरुनाथ पोतदारानं एका दिवाळीला
बायकोच्या पाटल्या मोडून बोनस वाटला.
पुढच्या वर्षी त्याच कामगारांनी
आणखी दोन टक्क्यांसाठी त्याला कोर्टात खेचलं.
ती केस मी जिंकली
तेव्हा त्यानं दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

सातेरी बेनके, कर्ल्याचा.
मोल्डर. टोकन दोनशे सतरा.
आरोप: सुपरवायझरवर हात उगारला.
चौकशी अधिकारी शेषगिरी, बेंगळुरूहून आणलेले,
निःपक्ष, म्हणून महाग.
पत्र्याच्या शेडमध्ये टेबल. बाहेर साच्यांची वाळू चाळणं चालू.
सातेरीला खुर्ची दिली होती,
पँटीला काजळी म्हणून तो बसला नाही.
मी मॅनेजरच्या केबिनमध्ये, दार उघडं.
चौकशीत वकिलाला बसता येत नाही.
ऐकता येतं.

तो म्हणाला, "हात उचलला मी, खरं..."

आणि पाळीचा भोंगा झाला.

तो भोंगा चांगला मिनिटभर चालायचा.
तेवढ्यात शेषगिरींनी लिहून घेतलं,
कन्नडात, मोत्यासारख्या अक्षरात:
हात उचलला. हे निज.
भोंगा थांबला तेव्हा सुपरवायझर बोलायला लागला होता.
सातेरीनं खाली मराठीत सही केली,
बेनकेच्या दोन्ही मात्रा नीट देत.

मी अनगोळचा. मला 'खरं' कळतं.
'खरं'च्या आधी माणूस उंबऱ्यात पायताण काढत असतो.
घरात शिरतो तो नंतर.

कोर्टात म्हणालो, कामगाराची स्वतःची कबुली आहे,
सहीसकट, पान सात.
युनियनचे वकील धारवाडचे.
त्यांनी पान सात काढलं, निज वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
निकाल एकोणीस पानांचा आला.
कुंदा किलोभर आला.
तेव्हा मला साखरेचा त्रास नव्हता.

परवा वडगावात लग्नाला गेलो.
कार्यालयाच्या फाटकाशी
शिट्टी वाजवत एकजण गाड्या लावून देत होता.
येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं तोडा, बस.
मी काच खाली केली.
"वकीलसाहेब न्हवं तुम्ही?"
केस गेलेले. मनगटावर भाजल्याचे जुने डाग.
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
"त्या दिवशी कोर्टात लई चांगलं बोललासा, खरं..."

मागून हॉर्न वाजला, लांबलचक, वऱ्हाडाची बस.
तो हात उचलून तिकडं धावला.

मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो.
आत मंगलाष्टकं सुरू झाली, संपली,
कुणीतरी माझ्या वाटच्या अक्षता आणून दिल्या.
गाड्या येतच होत्या.