भिंत अजून पितेय

कलब्यात आम्ही डोळा ठेवून होतो समुद्रावर,
आणि पाणी आलं मागच्या दाराने,
डोंगरातून, वाडीतून.
वाडी म्हणजे इथे कोरडी नदी,
हे अकरा वर्षांत मला पहिल्यांदा नीट कळलं.

गुडघाभर होतं. दोन दिवस राहिलं
आणि डिपॉझिट बुडवून गेलेल्या भाडेकरूसारखं
आपला गाळ मागे ठेवून गेलं.

अबू राशिद आले, उंबऱ्याशीच थांबले.
भाडं कमी कराल का, विचारलं, तर म्हणाले, इन्शाल्ला.

नूरुल नोआखालीचा. पुरातच वाढलेला.
त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं,
कान लावला.
"भाभी, दीवार अभी पी रहा है."
मग जिप्सम कापलं कमरेपर्यंत.
आत ब्लॉक, वायरी,
आणि कुणा गवंड्याचा पेन्सिलीतला हिशेब, मल्याळममध्ये,
बहुतेक त्याला कुणी चुकता न केलेला.

मशीन आणलं भाड्याने, दिवसाला साठ दिरहम.
भिंतीतलं पाणी हवेत, हवेतलं बादलीत.
दर चार तासांनी ओतायचं, वहीत लिहायचं:
पहाटे तीन, साडेचार लिटर.
प्यायचं पाणी आम्ही विकत घेतो, गॅलनने,
आणि रोज वीस-पंचवीस लिटर मी मोरीत ओतत होते.
जीव होईना. कढीलिंबाला घातलं.
तो पहिल्याच रात्री बुडून मेला होता.
तरी घातलं.

दिवाणखान्यात दोरीवर कागद, चिमटे लावून.
लग्नाच्या दाखल्यावर दूतावासाचा शिक्का ठणठणीत,
माझं नाव तेवढं निळा ओघळ.
हेरंब म्हणाला, "चला, नवं ठेवू या."
म्हटलं, एकदा ठेवलंयस ना, ताटातल्या तांदळात, अंगठीने.
तेही दुपारी जाऊबाईंनी भातात शिजवलं.
किती दिवसांनी हसलो, आठवत नाही.

मीटरचा आकडा: अठ्ठावीस. सव्वीस. सव्वीस.
शुक्रवारी पुन्हा सत्तावीस,
कारण पोह्यांना वाफ आणताना
मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं.
नूरुल माझ्यावर ओरडला,
सख्खा दीर ओरडावा तसा.
त्या दिवसापासून डबा त्याच्यासाठीही भरला.

अकरा आला तेव्हा पुट्टी, प्रायमर, दोन हात ऑफ-व्हाइट.
गवंड्याचा हिशेब मी झाकण्याआधी
वहीत उतरवून घेतला.
वाचता येत नाही. असू दे.

मशीन गेलं.
रात्री तीनला जाग आली, उठले,
अंधारात वाकले, हात पुढे केला.
बादली नव्हती.
भिंत होती, गार, नव्या रंगाच्या वासाची.
पेराने टकटक केलं.
हेरंबने झोपेतच विचारलं, "किती?"
"अर्धा लिटर," मी म्हटलं,
आणि येऊन पडले.