साठा पडताळणी

परतवाड्याहून घाट चढून एस.टी. वर आली
तेव्हा माझ्या कानांत दडे बसले होते
आणि पाटीवरचा 'युवा' हा शब्द
धुक्यानं खाल्ला होता. उरलं होतं नुसतं 'निवास'.

माझं काम साधं: वर्षातून एकदा मोजणे.
खाटा बावीस. बादल्या नऊ, पैकी एक कडीविना.
आरसा एक, त्यावर खिळ्यानं कोरलेलं
अकोल्याच्या कुणाचं तरी नाव.
ब्लँकेटं चव्वेचाळीस, असं रजिस्टर म्हणतं.
मी दोनदा मोजली. त्रेचाळीस.

मुंगिया कासदेकर चुलीवर पाणी ठेवत होती.
छतावरचा सौर बंब डिसेंबरात नावालाच;
ऊन दरीतून वर यायला दहा वाजतात,
तोवर पाहुणे पारोसेच निघून गेलेले.
"एक कमी आहे," मी म्हणालो.
"हाय ना," ती म्हणाली. "चला."

कॉफीच्या झाडांमधून उतरलो.
रात्री गवे बसले होते तिथलं गवत
अजून दबलेलं. ऊब असेल का त्यात?
हात लावायचा धीर झाला नाही.

येवल्यांच्या गोठ्यात खव्याची कढई रटरटत होती.
कोपऱ्यात आमचं ब्लँकेट, राखाडी, लाल काठाचं,
त्यावर शाईनं क्रमांक सतरा,
आणि त्यातून बाहेर आलेलं एक ओलं नाक.
"रातीच झाली वगार. दहिवर गोठलं होतं, सायेब,
पायाखाली मिठावानी कचकच करे."

मी पेनचं टोपण काढलं.
रकाने तीनच: शिल्लक, निकामी, गहाळ.
वगार कशातच बसेना.

येवल्यांनी पळसाच्या पानावर गरम खवा दिला, बिनसाखरेचा.
हात धुताना मुंगियानं तांब्याकडे बोट केलं:
हे काय?
पाणी, मी म्हणालो.
"डा," ती म्हणाली, चूक दुरुस्त करावी तशी.

शेवटची बस चुकली. चुकवली म्हणा.
रात्री दरीत भेकर भुंकलं, दोनदा,
मग बराच वेळ काहीच नाही.
खाली मैदानात गावांचे दिवे
इतके बारीक, की त्यातलं माझं घर कुठलं
ते मला मोजून सांगता आलं नसतं.

सकाळी पाहुण्यांच्या वहीत
'येण्याचा उद्देश' या रकान्यात
माझ्याआधी कुणी लिहिलं होतं: थंडी.
मी लिहिलं, वरीलप्रमाणे.

मग साठ्याचं रजिस्टर उघडून
चौथा रकाना आखला.
पट्टी नव्हती. वाकडा आला.