हळद-पीसी

खालचा वरच्याला ओळखतो, पण दार उघडत नाही.
पिंग मारला की चारदा ओ देतो,
एक मिलिसेकंद, एक, दोन, एक.
म्हणजे घरात आहे. जागाही आहे.
'हिशेब' फोल्डरवर क्लिक केलं की मात्र
ॲक्सेस डिनाइड.

यार्डात हळदीचा हंगाम. अण्णांच्या बोटांनी
खालच्या कीबोर्डचं एंटर पिवळं झालंय,
शिफ्ट थोडं,
बॅकस्पेस सगळ्यात जास्त.
वीस तारखेच्या आत जीएसटी भरायचा,
आणि विश्रामबागेतल्या या घराच्या
दोन मजल्यांमधल्या सोळा पायऱ्या
मी सकाळपासून नऊ वेळा उतरले.

नेटवर्क 'सार्वजनिक' लागलेलं.
बिचारा घरालाच एसटी स्टँड समजून
पिशवी छातीशी धरून बसला होता.
'खाजगी' केलं.
मग पासवर्ड. अण्णांचा रिकामा.
"घरातल्या घरात कशाला गं कुलूप?"
समोर बसणाऱ्याला रिकामा चालतो, अण्णा,
वायफायवरून येणाऱ्याला नाही.
घातला एक, सुनेला न सांगण्यासारखा.
शेअरिंगच्या यादीत 'एव्हरीवन' लिहिलं,
वाचा, लिहा, पुसा, काय वाट्टेल ते करा.

तरी नाही.

अकराव्या पायरीवर बसल्यावर आठवलं, दारं दोन असतात.
एक फाटकाचं, एक खोलीचं.
फाटक 'या' म्हणालं आणि खोली 'नको' म्हणाली
तर खोलीचं खरं.
दोघांत जो कडक, त्याचं चालतं.
हे मला सासरी वेगळं शिकायला नको होतं.

सिक्युरिटीचा टॅब उघडला.
मालक : एस, एक, पाच, एकवीस,
पुढं लांबलचक आकड्यांचे तीन डबे,
शेवटी एक हजार तीन.
नाव नाही. माणसाच्या चित्रावर प्रश्नचिन्ह.

"कुणाचा नंबर हाय? लावून बघ की."
"फोनचा नव्हे, अण्णा. खातं होतं हे.
कुणीतरी पुसलंय."

कुणीतरी.
तीन वर्षांपूर्वी सुकुमारभाऊजी गोदामावरून भांडून
इचलकरंजीला गेले, त्या रात्री अण्णाच म्हणाले होते,
"त्याचं नाव काढ मशिनीतनं."
मी काढलं. मशीननं विचारलं होतं, नक्की?
मी 'हो' दाबलं आणि भात लावायला गेले.

अण्णा चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मालकी माझ्याकडे घेतली,
आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, चौकटीत खूण करून.
हिरवी पट्टी रांगत रांगत पलीकडे पोचली.
खरेदी, विक्री, तोलाई, हमाली,
आणि तळाशी एक छोटी फाइल, 'अण्णांसाठी'.

प्रिंटर अडला तर मागची वायर हलवा.
बॅकअप दर शनिवारी.
नाहीच जमलं तर वहिनीला बोलवा, तिला येतं.

तारीख, भांडणाच्या आदल्या दिवसाची.
म्हणजे किल्ली कुठं आहे ते लिहून
त्यानं कुलपाच्या आतच ठेवलं होतं.
चूक त्याची नाही. तेव्हा कुलूप नव्हतं.

अण्णांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत.
मग पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बोट केलं,
काचेला लागलंच थोडं पिवळं.
"त्याचं नाव परत बसतंय का हितं?"

नाव बसेल, म्हटलं. तेच नाव, तोच पासवर्ड.
पण आतून मशीन नवा आकडा देतं.
जुना परत येत नाही.
त्याला तो नवाच माणूस वाटतो,
काय काय उघडू द्यायचं, पहिल्यापासून सांगावं लागतं.

खाली रिक्षा थांबून गेली. कुणी आलं नव्हतं.

"नवा तर नवा," अण्णा म्हणाले.
"सांगू की पहिल्यापासनं."

मी खातं उघडलं. पासवर्डच्या चौकटीशी येऊन
खुर्ची त्यांच्याकडे सरकवली
आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले.
मागं एकेक कळ,
फार वेळ लावून,
दोनदा बॅकस्पेस.