हातमोजा

माझ्या नावाचा अर्थ शांत. वाइके.
आणि बेचाळीस वर्षं मी ओस्वाल्डशेजारी झोपते,
म्हणजे आडवी होते.

तो कुइवास्तूच्या फेरीबोटीवर इंजिनपाशी असायचा.
घरी येताना इंजिनही सोबत आणायचा.
मुहू बेटावर शेजार लांब,
तरी लेम्बित विचारायचा,
रात्री ओंडके कापत होतं का कुणी?
मी म्हणायची, हो, थंडी लांबणार यंदा.

उपाय केले.
बियर बंद केली, त्याची,
आणि लाजेखातर माझीही.
सदऱ्याला पाठीवर खिसा शिवला,
आत लोकरीचा घट्ट गुंडा.
उताणा झाला की टोचेल, कुशीवर वळेल.
वळायचा.
कुशीवर घोरायचा,
जरा खालच्या पट्टीत.

आवाजाचं मला काही नव्हतं खरं तर.
आवाज आहे तोवर माणूस आहे.
भीती मधल्या जागेची.
घोरता घोरता तो थांबायचा,
बोलणं अर्धं टाकून कुणी उठून जावं तसा.
छाती हलायची, हवा नसायची.
मग बुडणारा वर यावा तसा हिसका,
एक घोट,
पुन्हा इंजिन.
सकाळी विचारावं तर, मस्त झोप लागली,
आणि कॉफीच्या कपावर डुलकी.

नोव्हेंबरात मी विणायला घेतलं.
राखाडी धागा तर्जनीवर, तांबडा मधल्या बोटावर,
असं धरलं की अंधारातही चुकत नाही.
तो घोरतोय तोवर राखाडी.
थांबला की तांबडा.
वाटलं होतं, निदान एखादी चांदणी उमटेल.
कसली चांदणी!
नुसते तुटके पट्टे.
अकरा टाके, सतरा,
अंगठ्यापाशी एकदा अडतीस.
तिथे वीण इतकी घट्ट झालीय
की सुई शिरत नाही.

कुरेसारेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
रात्रीत किती वेळा? मोजलंत कधी?
मी मोजा टेबलावर ठेवला.
त्या हसल्या नाहीत.
एकेका पट्ट्यावरून बोट फिरवत राहिल्या.

मग त्याला तारा लावून एक रात्र तिथेच झोपवलं.
कागदावरची रेघ मोज्याशेजारी धरली.
झोपेत घसा सैल पडतो, त्या म्हणाल्या,
वाट मिटते,
मेंदू दार ठोठावून अर्धवट उठवतो,
रात्रभर.
ओस्वाल्ड मोज्याकडे बघत होता.
हा सगळा तांबडा मी?
नाही रे, म्हटलं,
हा तू नसतानाचा.

आता उशाशी यंत्र आहे.
नळीतली हवा वाट उघडी धरते.
दोन रात्री त्याने मुखवटा भिरकावला,
तिसऱ्या रात्री शिव्या देत लावला.
मी सुया घेऊन बसले.
राखाडी.
राखाडी.
मनगटापासून बोटांपर्यंत,
पावावर लोणी फासावं तसा सपाट राखाडी.
तांबडा धागा मधल्या बोटाला गुंडाळलेला तसाच,
रुतून वळ उठेपर्यंत.

जोडी झाली, विजोड.
तीच घालून तो धक्क्यावर मासे आणायला जातो.
लेम्बित विचारतो, एक हरवला वाटतं?
दोन्ही माझेच, म्हणतो,
आणि हात खिशात घालतो.

हल्ली त्याचं म्हणणं आहे
की मीच घोरते.
त्याला विणता येत नाही,
त्यामुळे पुरावा नाही.