दशांश मिलिग्रॅम

कोठावदे सरांचा काचपेटीतला तराजू
आता जळगावला, सराफ बाजारात आहे.
एका पारड्यात सोन्याचा कीस,
दुसऱ्यात चिमट्यानं ठेवलेली तीच जुनी वजनं.
मी उगाच बघायला गेलो होतो.
काटा हलला, आणि सवयीनं
श्वास धरला.

अमळनेरला प्रयोगशाळेत पंखा होता, लावत नसू.
"दौलत, दार लोट. आता श्वास घेऊ नको."
बाहेर मे महिना, बोरीची वाळू तव्यासारखी,
आणि आम्ही दोघं दम कोंडून
बाजरीच्या कुसाहून हलकं काहीतरी मोजत.

कणसांवर चिकटा पडला की लोक कणसं जाळत,
सर पिशवी घेऊन जात.
त्या रोगातून त्यांनी पांढरी पूड काढली,
तिच्यातून आणखी एक, मग आणखी.
प्रत्येकीला नंबर दिला, नाव नाही.
आधी स्वतः घेत. घड्याळ माझ्या हातात.
"काय दखायनं, सर?"
"भिंतच रे. पण इतकी वर्षं
आपण तिला नमस्कारसुद्धा केला नाही."

मग कायदा आला. लाख लागली, सह्या झाल्या,
कुप्या जीपमधून धुळ्याला गेल्या.

त्याआधीच एक कुपी कमी भरली होती.
हिंमत बोरसे, शेवटच्या वर्षाला, हुशार पोरगा.
भरदुपारी नदीच्या वाळूत सापडला,
तळव्यांना फोड, ओळख कुणाचीच नाही.
पुढं ओळखू लागला. सगळ्यांना नाही.
अकरा वर्षं दर गुरुवारी
सर त्याच्या ओट्यावर जाऊन बसत.
बोलत नसत. दोघं शेंगा फोडत.

परवा परदेशातून पत्र आलं.
मरणाला भिणाऱ्या आजाऱ्यांना म्हणे
सरांचा सतरा नंबर धीर देतो.
वह्या हव्यात. सरांना 'आद्य' म्हटलंय.
नातीकडून दोनदा वाचून घेतलं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
सर जाताना मात्र नुसतं पाणी मागत होते.

वह्या माझ्या कोठीत. बारा.
सतरा नंबर चौथ्या वहीत.
अकरावीत एकही सूत्र नाही,
फक्त गुरुवार, आणि पुढं
'आज एक शेंग मला दिली.'
'आज नाही.'
'आज नाही.'
'आज नाव घेतलं. माझं नव्हे.'

ही त्यांच्या कामाची नाही.
मी ती सगळ्यात वर ठेवली.
पोस्टातल्या बाईंनी गठ्ठा काट्यावर ठेवला,
आकडा काही केल्या थांबेना.
म्हटलं, बाई,
तेवढा पंखा बंद करा.