कोपराच्या आत

राईस मिलच्या मागच्या दाराशी
कोंडा उतरतो, तिथं माझी खुर्ची.
दिवसभर पोती मोजते,
पापण्यांवर पिवळसर भुकटी घेऊन घरी जाते.
म्हैस मला वासावरून ओळखते,
माणसं नंतर.

त्या बुधवारी बचत गटाच्या बैठकीला
साकोलीहून डोंगरवार मॅडम आली.
मॅडम कसली, पोरगीच.
पिशवीत तीन बाटल्या:
एक पाण्यासारखी, एक मधाच्या रंगाची, तेलकट,
तिसरीत ताकाच्या निवळीसारखं काहीतरी.
म्हणाली, हे तुमचंच आहे. कोंड्याचा अर्क.
चेहऱ्याला लावतात. नाजूक कातडीलाही सहसा सोसतो.

दुरपता कोरामला हसू आवरेना.
"कोंडा? अवं, तो तं आमी म्हशीले टाकतो!"
"मंग पाय ना म्हशीचं अंग कसं चमकते,"
मागून कुणीतरी म्हणालं,
आणि समाजमंदिराचे पत्रे वाजले.

मी हसले नाही. मला धान माहीत होतं.
कापणीत मानेत शिरणारं कुसळ,
पदर झटकून जात नाही, आंघोळीनं जात नाही,
रात्री कूस बदलली की पुन्हा टोचतं.
चुरण्याच्या दिवसांतली अंगभर खाज.
रोवण्यात बांधीच्या चिखलात
कुजून पांढरी पडलेली बोटांची बेचकी,
तिच्यात हळद, नाहीतर रॉकेल, नाहीतर काहीच नाही.
ह्याच धानाच्या पोटात म्हणे
एवढं मऊ काही.

मॅडमनं कापसाचा बोळा भिजवला.
"तोंडाला नाही लावायचं अजून.
कोपराच्या आत, इथं, जिथं कातडी पातळ असते.
रात्रभर थांबा. धुऊ नका.
लाल झालं, खाजलं, तर उद्या मला सांगा.
आधी कातडीला विचारायचं, मग लावायचं."

बाहेर ट्रकवर कुणी ताडपत्री ओढत होतं.
आत बाया गप्प.

कातडीला विचारायचं.
युरिया मुठीनं फेकताना विचारलं नव्हतं,
फवारणीचा पंप पाठीवर गळत होता तेव्हा नाही.
मंजुळाला लग्नाआधी गोरं करायची ट्यूब आणली,
महिनाभरात गालाची सालं निघाली,
तेव्हा फोटोवाल्याला तेवढं विचारलं,
उजव्या बाजूनं काढता येईल का.

बांगड्या वर सारल्या.
एकेकीचा हात उलटा पडला मॅडमच्या मांडीवर,
आणि ऊन न लागलेली ती जागा
आम्ही एकमेकींची पहिल्यांदा पाहिली.
हातसडीच्या तांदळासारखी.
दुरपताची तर
तिची वाटेचना.

रात्री मी हात गोधडीबाहेर ठेवून झोपले,
पाहुणा निजलाय शेजारी तसा.
दोनदा उठून मोबाईलच्या उजेडात पाहिलं.
काही बोलला नाही.

सकाळी सगळ्यांचे हात स्वच्छ.
फक्त दुरपताच्या कोपरात
मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका.
ती पदराखाली लपवत होती,
जणू मॅडमची बाटली तिनंच फोडलीय.

मॅडमनं वही काढली. पट्टीनं ठिपका मोजला.
नाव लिहिलं, वेळ लिहिली,
खाज किती, असं विचारून तेही लिहिलं.
"तुम्ही हे लावू नका, काकू.
बरं झालं सांगितलंत."

धुऱ्याधुऱ्यानं घरी जाताना
दुरपतानं बाही खाली केलीच नाही.
पऱ्ह्याला पाणी देणाऱ्या दिराला दाखवलं,
पानठेल्यावर दाखवलं,
"माह्या कातडीनं नाही म्हटलं,
अन् तिनं लिवून घेतलं. पट्टीनं मोजून."

दुपारी मी खुर्चीवर.
मशीन सुरू झाली, कोंडा उतरू लागला.
सात वर्षांत पहिल्यांदा मूठभर उचलला
आणि नुसती धरून बसले.
गरम होता.
एक पोतं मोजायचं राहून गेलं.